आधी कागद रंगवायचा

मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणं हा माझा उद्योग, त्यामुळे एरिक कार्लची पुस्तकं टेबलावर कायम असतात. ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’च्या माझ्या प्रतीतली भोकं तर पाहुण्यांच्या पोरांनी बोटं घालघालून मोठी केली आहेत. पुस्तक सुचलं तेही भोकांवरूनच. पंचनं कागदांना भोकं पाडताना कार्लला पुस्तकं कुरतडणारा किडा आठवला. संपादक ॲन बेनेड्युस यांना किडा काही रुचेना. त्यांनी अळी सुचवली आणि फुलपाखरू आपोआप मिळालं. अशी भोकांची पानं अमेरिकेत परवडेनात, म्हणून १९६९ साली पुस्तक छापलं गेलं जपानमध्ये.

आम्ही आधी पेन्सिल चालवतो, मग रंग भरतो. कार्लचं उलटं. टिश्यू पेपरचे ताव तो आधी ॲक्रिलिकनं रंगवून ठेवायचा; त्यावर ब्रशचे फटकारे, बोटांचे ठसे, गालिच्याच्या तुकड्याचे छापसुद्धा. वाळलेले ताव रंगवार खणांत जायचे. चित्राची वेळ आली की आकार कापायचे आणि खळीनं चिकटवायचे. मी हे करून पाहिलंय. खोडरबराची सोय नसली की हात फार विचार करून चालतो.

इतके भडक रंग आले कुठून?

जन्म १९२९चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा. सहाव्या वर्षी घरच्यांबरोबर तो जर्मनीत, श्टुटगार्टला गेला. पुढे युद्ध पेटलं. दगड उचलून, झाडाची साल सरकवून किडेमुंग्या दाखवणारे वडील सैन्यात गेले, रशियनांच्या कैदेत पडले आणि युद्ध संपल्यावरही दोनेक वर्षांनी परतले, खंगून. विमानांना दिसू नयेत म्हणून शहरातल्या इमारती करड्या, मळकट हिरव्या रंगांनी माखलेल्या. अशात फ्रिडोलिन क्राउस या चित्रकलेच्या मास्तरांनी त्याला घरी बोलावून नाझींनी बंदी घातलेल्या आधुनिक चित्रांच्या प्रती गुपचूप दाखवल्या. पकडले जाते तर मास्तरांचं काही खरं नव्हतं.

१९५२ साली चाळीस डॉलर खिशात घेऊन तो न्यूयॉर्कला परतला, जाहिरातींत रमला. त्याच्या एका जाहिरातीतला लाल शेवंड लेखक बिल मार्टिन यांच्या नजरेत भरला आणि १९६७ साली दोघांचं ‘ब्राउन बेअर’ आलं.

मास्तरांनी दाखवलेल्या त्या प्रतींतल्या, जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क यांच्या निळ्या घोड्यांचं ऋण मात्र त्यानं ऐंशी ओलांडल्यावर, २०११ साली एका पुस्तकातून फेडलं. त्या पुस्तकात घोडा निळा, मगर लाल, गाय पिवळी आणि गाढव ठिपक्यांचं आहे. चित्रकलेच्या तासाला झाड हिरवंच हवं म्हणणाऱ्या शाळांनी ते ग्रंथालयात जरूर ठेवावं.