रिकाम्या बॅगेचं वजन

गेले आठ दिवस आमच्या मरोद्याच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरातला काटा ओट्यावरून खाटेवर आला आहे. त्यावर शाल चढते, औषधांचा डबा चढतो, चपला चढतात. मी वहीत आकडे मांडते, खोडते, पुन्हा मांडते. मी विमानानं मुलाकडे निघाले आहे. त्यानं पुण्याहून बजावलंय, "आई, सात किलो. बॅगेसकट."

सगळी गोम त्या 'सकट'मध्ये आहे.

बाबा १९६१ साली वर्ध्याहून भिलाईला आले तेव्हा इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटून दोनच वर्षं झाली होती. सोबत पत्र्याची हिरवी ट्रंक आणि वळकटी. ती ट्रंक रिकामी किती भरते, हे घरात कुणीच कधी पाहिलं नाही. उचलायला हमाल होता, ठेवायला बाकाखालची जागा. आजही रेल्वे स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो नेऊ देते. शिवाय दुर्ग स्टेशनावर गाडी लेट झाली की ट्रंकेवर बसता यायचं. पाठीवरच्या बॅगांवर कुणी बसून दाखवावं!

विमानात सोबत न्यायच्या बॅगेचं माप वेगळं. ५५, ३५, २५ सेंटिमीटर. गुणाकार केला तर ४८ लिटर होतात, पण कोपरे गोलावले, पट्ट्या लावल्या की हाती ४०च्या आसपास उरतात. सिव्हिक सेंटरच्या दुकानात तीन बॅगा पाहून आले. पहिली जाड कापडाची, पाठीला फळी, कमरेला रुंद पट्टा. रिकामीच पावणेदोन किलो. दुसरी नऊशे ग्रॅम, पण उघडते फक्त वरून. तळाशी गेलेला चष्मा काढायचा तर विहिरीत हात घातल्यासारखं. तिसरी सव्वा किलो, सुटकेससारखी दोन्ही बाजूंना पसरते. दुकानदार सारखा डेनियर, डेनियर म्हणत होता. मला वाटलं, किंमत वाढवायचं नाव असेल. पण डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, कापड दणकट, आणि अर्थातच जड. म्हणजे बॅगेची मजबुती माझ्याच सात किलोंतून कापून घेतली जाणार.

रात्री दल्ली राजहऱ्याकडून लोहखनिजाच्या वाघिणी येतात. एकेकीच्या पोटात पन्नास-साठ टन. खिडकीची काच हलते आणि काट्यावरचा आकडाही जरा चाळवतो. अशा गावात बसून मी ग्रॅम मोजते आहे, याचं मलाच हसू येतं. मरोद्याच्या तलावाकडून गार वारा येतो. शाल पुन्हा उचलावी, पुन्हा तोलावी असं वाटतं.

शाल, कपडे, औषधं, चपला, चष्मे मिळून साडेतीन किलो. राखिया बडीचा, म्हणजे कोहळ्याच्या सांडग्यांचा, डबा तीनशे ग्रॅम. सुनेला लाखोळीची डाळ हवी आहे. इथं तिला तिवरा म्हणतात. ती अर्धा किलो. उरला दुबराज तांदूळ. नातवाला त्याच भाताचा वास आवडतो. पावणेदोन किलोची बॅग घेतली तर तांदूळ एक किलोही मावत नाही. सव्वा किलोचीत जेमतेम दीड. नऊशे ग्रॅमवालीत जवळजवळ दोन. मग चष्मा शोधत बसावं लागलं तरी चालेल.

आज पुन्हा गेले. दुकानदारानं तिन्ही बॅगांत चुरगळलेले कागद कोंबून त्या फुगवून ठेवल्या होत्या. कागद भरले की सगळ्याच बॅगा पाठीवर शहाण्यासारख्या बसतात. मी हलकी बॅग मागितली, कागद उपसले आणि पिशवीतून घरून आणलेला तांदूळ तळाशी ठेवला. खांद्यावर घेऊन काउंटरपासून दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. उजवा पट्टा जरा काचत होता. तो सैल केला.

दुकानदार किमतीचं बोलायचं विसरून पुढे वाकला.

"आंटीजी, दुबराज है क्या?"