त्रिनिदादचे गुंजन पक्षी

वेस्ट इंडीज बेटांच्या दक्षिण टोकास, व्हेनेझुएलापासून अवघ्या ११ किलोमीटरांवर, त्रिनिदाद हे बेट आहे. १९६२ साली स्वतंत्र झालेल्या या देशाने आपल्या राजचिन्हाच्या ढालीवर सिंह वा गरुड न घेता हमिंगबर्डची, म्हणजे गुंजन पक्ष्यांची, जोडी घेतली. त्यांच्या दर्शनास आम्ही फेब्रुवारीत आरिमा खोऱ्यात गेलो. तेथील एका जुन्या मळ्यात १९६७ साली आसा राइट निसर्गकेंद्र स्थापन झाले. त्या मळेघराचा व्हरांडा हेच आमचे आसन.

आपल्याकडे परसातल्या जास्वंदीशी झोंबणाऱ्या शिंजीरालाच पुष्कळ लोक हमिंगबर्ड म्हणतात. ते खरे नव्हे. अमेरिका खंड व त्याभोवतीची बेटे सोडून गुंजन पक्षी रानात कोठेही आढळत नाही. शिंजीर बहुधा डहाळी धरून मध पितो. हा फुलापुढे अधांतरी उभा राहतो आणि पोट भरले की तसाच मागे सरतो. व्हरांड्याभोवती निळ्या मंजिऱ्यांची झुडपे मुद्दाम लावली होती. तेथे त्यांस 'व्हर्व्हेन' म्हणतात. त्यांवर नारिंगी तुऱ्याचा एक नर आला. वजन ३ ग्रॅमांहून कमी. नवख्यास भुंगाच वाटावा! खाली हेलिकोनियाच्या लाल कोशांत वाकड्या चोचीचा दुसरा शिरला. त्याच्या जातीस इंग्रजांनी 'हर्मिट' म्हणजे तपस्वी म्हटले आहे. दिवसभर मधुपान करणारा हा तपस्वी कोणत्या आश्रमाचा, ते देव जाणे.

कठड्याशी साखरपाण्याच्या बाटल्याही टांगल्या होत्या व गर्दी तेथेच अधिक होती. आमचे मन तेथे रमले नाही. फूल मध देते ते पराग वाहून नेण्याच्या मोबदल्यात; बाटलीपाशी तो व्यवहारच नाही.

खरे अन्नछत्र मागल्या डोंगरावर होते. कोकोच्या रोपांस कडक ऊन सोसत नाही, म्हणून मळेवाल्यांनी त्यांच्यामध्ये उंच सावलीची झाडे लावली. तेथे त्यांचे नाव 'इमॉर्टेल'. कुळ मात्र आपल्या पांगाऱ्याचे, संस्कृतातील पारिभद्राचे. कोरड्या ऋतूत पाने झडून ती नारिंगी फुलांनी पेटतात आणि गुंजन पक्ष्यांसह कितीतरी मधुलोभी पाखरांची पंगत बसते. लावणारांच्या मनात पक्षी नव्हता, नफा होता. किंबहुना एकोणिसाव्या शतकात याच जातीच्या पक्ष्यांची पिसांसकट कातडी युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी हजारोंनी जहाजांवर चढत असे. ती हौस ओसरली. पुढे १९२८ साली कोकोवर रोग आला, भावही कोसळले, पुष्कळ मळे ओसाड पडले. सावलीची झाडे तेवढी उभी राहिली. आम्ही गेलो त्या सकाळी त्यांखालच्या वाटेवर पाकळ्यांचा सडा पडला होता.