काकूंकडे ठेवलेली किल्ली

गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. तुळशीला पाणी घालायला. पण गोदरेजच्या कपाटाची किल्ली काही आपण त्यांना देत नाही. संगणकाच्या जगात मात्र बरीच वर्षं अख्खा जुडगाच द्यायची पद्धत होती, म्हणजे पासवर्ड! त्यावर तोडगा म्हणून ओऑथ आलं. आज सगळीकडे चालते ती त्याची २.० आवृत्ती, ऑक्टोबर २०१२ची.

इथे मेलबर्नला माझा एक मित्र घरांवर सोलर पॅनेल बसवून देतो. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कोटेशनं सीआरएममध्ये. बिलं आणि जीएसटी (हो, इथेही आहे, १० टक्के) झीरोमध्ये. झीरो हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मूळचं न्यूझीलंडचं, पण इथल्या छोट्या धंद्यांत भलतंच लोकप्रिय. एकच नाव दोन ठिकाणी टाइप करून वहिनी वैतागल्या होत्या.

"अरे, दोन्ही जोडून दे ना. झीरोचा पासवर्ड सीआरएममध्ये टाकू का?"

नाही टाकायचा! गंमत तिथेच आहे. जोडणीचं बटण दाबलं की सीआरएम तुम्हाला झीरोच्या स्वतःच्या पानावर नेऊन सोडतं. पासवर्ड तिथेच टाकायचा. सीआरएमला तो दिसतही नाही. मग झीरो विचारतं, याला बिलं करू द्यायची? संपर्क वाचू द्यायचे? "हो" म्हटलं की सीआरएमला एक टोकन मिळतं. ते ३० मिनिटांत बाद होतं. दर अर्ध्या तासाला मालकाला कोण उठवणार? म्हणून सोबत दुसरं टोकन, नवं टोकन आणून देणारं. ते ६० दिवस वापरलंच नाही तर तेही रद्द.

माझ्या मते खरी किल्ली हे दुसरं टोकन. ऑगस्ट २०२५मध्ये चोरांनी ड्रिफ्ट या चॅटच्या अ‍ॅपची अशी टोकनं पळवली आणि ७००हून अधिक कंपन्यांच्या सेल्सफोर्स या सीआरएमपर्यंत त्यांचा हात पोचू शकत होता. क्लाउडफ्लेअर, पालो अल्टो नेटवर्क्स, झीस्केलर... म्हणजे सुरक्षा विकणारेच! सेल्सफोर्समध्ये भोक नव्हतं. त्याच वर्षी दुसरी एक टोळी "आयटीतून बोलतोय" असा फोन करून कर्मचाऱ्यांकडूनच खोट्या अ‍ॅपला परवानगी मिळवत होती. गूगलने जूनमध्ये त्याबद्दल जगाला सावध केलं आणि त्याच महिन्यात गूगललाही तोच फटका बसला. असो.

मित्राच्या झीरोत जोडलेल्या अ‍ॅप्सची यादी उघडली. तीन नावं. त्यातलं एक त्याला आठवेचना.

"हे कोण रे?"

मालाचा साठा मोजणारं काहीतरी होतं, कधीतरी फुकट वापरून पाहिलेलं. सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते वाचायची मुभा अजून शाबूत! ते आधी काढलं, मग सीआरएम जोडलं.

बँकांच्या बाबतीत सरकारने हे मालकाच्या आठवणीवर सोडलेलं नाही. १ जुलै २०२० पासून चार मोठ्या बँकांपासून 'कन्झ्युमर डेटा राइट' सुरू झाला. तोही ओऑथवरच उभा आहे, पण सामान्य ग्राहकाची परवानगी तिथे जास्तीत जास्त १२ महिने टिकते. पुढे हवी असेल तर पुन्हा विचारावं लागतं. धंद्याच्या सॉफ्टवेअरला हा नियम नाही, त्यामुळे ती यादी वहिनींनी आता दर तिमाहीच्या जीएसटीबरोबर तपासायला घेतली आहे.