केबिनमधला कॅमेरा

आलापल्लीहून चंद्रपूरला मालाची गाडी नेताना समोरच्या काचेच्या कोपऱ्यात एक कॅमेरा असतो. तो रस्त्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. डोळे जरा जास्त वेळ मिटले, जांभई आली, मोबाईल कानाला लागला की त्याची पेटी किंचाळते. रात्री इन्फ्रारेड उजेड टाकून अंधारातही डोळे टिपते.

पेटीवर माझा राग नाही. दुपारी जेवून निघालं की सागाच्या जंगलात डोळे जड होतात. ती वाजली की मी गाडी बाजूला घेतो, तोंडावर पाणी मारतो, मगच निघतो. समोरून सायकलवर येणाऱ्याच्या जिवासाठी तेवढं हवंच.

दुखणं वेगळं आहे. भर पावसात ताडपत्री बांधताना मी चिंब भिजलो. आष्टीजवळ वैनगंगेच्या पुलाअलीकडे गाडी उभी केली, इंजिन चालूच होतं, आणि टी-शर्ट बदलला. तो डोक्यावरून काढताना चेहरा झाकला गेला. पेटीनं धरलं की चालकानं कॅमेरा झाकला, आणि क्लिप आपोआप मालकाकडे गेली. संध्याकाळी उघड्या अंगाचा मी ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतो. माझ्या पोरानं ती क्लिप दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहिली. मालकांना विचारलं तर म्हणाले, "गाडी माझी, कॅमेरा माझा." चेहरा माझा आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

डोळे मिटलेत हे पेटी स्वतःच ओळखते. सिरोंचा रस्त्यावर रेंज गेली तरी ती वाजतेच. मग जागं करायला आवाज पुरतो. चित्र बाहेर कशाला पाठवायचं? शिवाय गाडी कुठं थांबली, किती वेळ थांबली, हेही नोंदलं जातं. नक्षलवादानं होरपळलेल्या आमच्या भागात कोण कुठं गेलं, कुणाला गाडीत घेतलं, हा प्रश्न कित्येक वर्षं जिवावर बेतणारा होता. ती नोंद कुणाच्या हाती पडेल याची धास्ती बाहेरच्यांना कळायची नाही.

घरच्या गाड्याही आता यातून सुटलेल्या नाहीत. जनरल मोटर्सनं चालकांच्या वेगाची, जोरात मारलेल्या ब्रेकची माहिती त्यांना नीट न सांगता विकली आणि ती विम्याचे दर ठरवायला वापरली गेली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये ठेवला.

आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला. पण त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला आहे. जिथं संमती लागते, तिथली सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागायची सोय त्या कायद्यात आहे. त्या यादीत मराठी आहे, तेलुगू आहे, गोंडी नाही. माझ्याबरोबरचे कितीतरी ड्रायव्हर घरी गोंडी आणि माडियाच बोलतात.

मालकांनो, पेटी ठेवा. पण क्लिप कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार, हे माणूस कामावर घेतानाच त्याच्या भाषेत सांगा. आणि ती ग्रुपवर टाकू नका.