ठोकून सरळ केलेले गज

२०१५ साली आण्णा आमच्याकडे लंडनला आले होते, तेव्हा त्यांना घेऊन रॉयल अकादमीत चिनी कलावंत आय वेवेचं प्रदर्शन बघायला गेले. मोठ्या दालनाच्या जमिनीवर नव्वद टन लोखंडी गज लाटांसारखे रचून ठेवले होते. आण्णांचा जन्म गवंडीकामात गेला. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांवरही ते राबले. ते सरळ उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून गजांच्या रेषेत बघू लागले.

"हे वाकलेले गज हायेत," म्हणाले. "ठोकून सरळ केलेत. नजर धरून बघ, कुठं कुठं लचक राहिलीय."

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. १२ मे २००८ ला, दुपारी मुलं वर्गात असताना चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला आणि शाळा पत्त्यांसारख्या बसल्या. बांधकाम निकृष्ट होतं, असं आईबाप ओरडून सांगत होते. सरकार मेलेल्या मुलांची नावंसुद्धा देईना. वेवेनं स्वयंसेवक घरोघर पाठवले आणि पाच हजारांहून जास्त मुलांची नावं गोळा केली. ढिगाऱ्यातले गज भंगारात विकत घेतले आणि बीजिंगच्या कार्यशाळेत कामगारांकडून एकेक हातानं सरळ करवून घेतला. किती वर्षं चाललं हे काम!

किल्लारीत माणसं पहाटेच्या झोपेत माळवदाखाली गेली. पण ती घरं ज्याची त्यानं बांधलेली होती. सिचुआनमधल्या शाळा सरकारच्या होत्या. म्हणून तिथं नावं मागणं हाच गुन्हा झाला, असं मला ठामपणे वाटतं. २००९ मध्ये वेवे चेंगडूला एका खटल्यात साक्ष द्यायला गेला, तर पोलिसांनी रात्री हॉटेलात घुसून त्याच्या डोक्यात मारलं. पुढच्याच महिन्यात म्युनिकला त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. २०११ मध्ये ८१ दिवस कोठडी. झोपेत, संडासातही दोन पहारेकरी अगदी जवळ उभे.

आण्णा भिंतीकडे वळले. वरपासून खालपर्यंत चिनी अक्षरं.

"ही समदी पोरंच?"

"हो, आण्णा."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आन् ठेकेदाराचं नाव कुठंय?"

ते त्या भिंतीवर नव्हतं. वेवे ज्यांच्यासाठी साक्ष द्यायला गेला होता, ते तान झोरेन याच शाळांच्या बांधकामाचा शोध घेत होते. त्यांना २०१० मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.