शेऱ्याची ओळ

आईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. मुलुंडच्या चाळीत ती पापड लाटायची. लाटून झालं की पोळपाट पालथा घालून त्यावर माझं प्रगतिपुस्तक ठेवायची. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला नाव दोनदा गिरवायची, मग 'पालकांची स्वाक्षरी'पुढे सुटी सुटी अक्षरं, आणि शेवटी वरून एकच लांब रेघ. त्याआधी विचारायची, "काय लिहिलंय गं बाईंनी?"

सहावीत एकदा मी शेऱ्यातली एक ओळ गाळली. गणितात लक्ष नाही, पालकांनी भेटावे. "प्रगती ठीक" एवढंच वाचलं. आईने रेघ ओढली.

ती सही आईची होती का? टेबलावर मुलीच्या शाळेतून सहीसाठी आलेला कागद परवापासून पडून आहे आणि माझ्या डोक्यात हेच.

2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून द्यायला लागले, तेव्हा बोरिवलीला शाळेच्या फाटकाशी आम्ही आया एकमेकींनाच विचारत होतो. नीट सांगणारं कोणी भेटलं नाही. घाबरत घाबरतच हो म्हटलं. याच लशीच्या दिल्लीतल्या मोहिमेचं प्रकरण जानेवारी 2019 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयात गेलं. दुष्परिणाम जाहिरातीत छापले तर पालक कचरतील, असं सरकारी बाजूचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही; पालकांना समजून-उमजून ठरवता यावं म्हणूनच तर जाहिरात, असं म्हटलं. वाचताना मला पोळपाट दिसला. मीही त्याच भीतीने ओळ गाळली होती.

मग 2022 चा गोवर आला. गोवंडीत लेकरं दगावली, त्यांतल्या बऱ्याच जणांना लस मिळालेली नव्हती. मी न समजता हो म्हटलं आणि माझ्या मुलीचं भलंच झालं. हे कुठे मांडायचं?

आईला ती ओळ वाचून दाखवली असती, तर ती शाळेत आली असती. अर्ध्या दिवसाचे पापड बुडाले असते. तिला कळायला हवं होतं, हे मी कालपर्यंत छातीठोकपणे म्हटलं असतं. पण शेऱ्याच्या जागी निळ्या शाईच्या दोन ओळी होत्या आणि मी एकच वाचली. दोन ओळी मोजायला अक्षरओळख लागत नाही. रेघ ओढायच्या आधी तिचं पिठाचं बोट दुसऱ्या ओळीवर जरा थांबलं होतं. की ते बोट मीच आज तिथे ठेवते आहे?