जुन्या भिंती, राहती माणसं

मुरूडजवळच्या जंजिऱ्यात, सिद्दींच्या किल्ल्यात, एकेकाळी कुटुंबं नांदत होती. आज तिथं पर्यटक फिरतात आणि वाडे पडके झालेत. आमच्या सेलू तालुक्यातल्या केळझरच्या किल्ल्याचेही अवशेषच उरलेत. दगड-चुन्याची ही गत, तर मातीच्या घराची काय कथा?

सेलूतलं आमचं वडिलोपार्जित घर पाडून स्लॅब टाकावा की दुरुस्त करावं, यावर आम्हा भावंडांत वाद होता. भिंती ओल धरत होत्या. जुन्या मिस्त्रींनी कारण दाखवलं: वरून मारलेलं सिमेंट. माती आणि चुना ओलावा घेतात, तसा सोडतातही. सिमेंट तो आतच कोंडतं. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरूनही दुरुस्तीवेळी सुमारे दहा लाख किलो काँक्रीट काढावं लागलं होतं.

आधी आम्ही शरीअतप्रमाणे बहिणींचे हिस्से कागदावर लिहिले. घर सगळ्यांचं ठरलं, तेव्हा खर्चालाही सगळे पुढे आले. मग सिमेंट खरवडलं, भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू घालून गिलावा केला, सागवानी खांब तसेच ठेवले.

आता दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायला बहिणी लेकरांसह येतात. अम्मी अंगणात बसून सगळ्यांना कामं वाटून देतात. सेवाग्रामची मातीची घरं 1936 पासून अशाच नेमाच्या लिंपणानं उभी आहेत. तुमच्याकडे जुनं घर असेल, तर पाडण्याआधी एखाद्या जाणत्या मिस्त्रींना जरूर दाखवा.